झांगजियाजिएत मुक्काम कुठे करावा: चार ठिकाणं, नऊ महिन्यांचा अनुभव

झांगजियाजिएला जायचं ठरलं की लोक आधी हॉटेलांचे फोटो बघत बसतात. आधी ठरवायला हवं ते उद्यानात कोणत्या दरवाजाने शिरायचं. मार्च ते नोव्हेंबर, ऊन, पाऊस, धुकं, सगळ्या हवेत चारही ठिकाणचे मुक्काम वापरून झाल्यावरचं हे मत आहे. खोली थोडी साधी असली तरी चालून जाते. जागा चुकली की रोजचे दोन-तीन तास रस्त्यात आणि रांगेत जातात.

गोंधळ नावापासूनच सुरू होतो. झांगजियाजिए हे हुनान प्रांतातल्या शहराचं नाव, आणि तेच 1982 साली जाहीर झालेल्या, चीनच्या पहिल्या राष्ट्रीय वन उद्यानाचंही नाव. शहर आणि उद्यान यांत तीसेक किलोमीटरचं अंतर आहे. वन उद्यान, तियानझी पर्वत, सुओशीयू आणि यांगजियाजिए हे सगळं मिळून वुलिंगयुआन होतं. 1992 साली जागतिक वारशाच्या यादीत गेलं ते हे. वाळूखडकाचे तीन हजारांवर सुळके इथे आहेत. तियानमेन पर्वत, म्हणजे डोंगराला आरपार भोक असलेला, तो मात्र शहराला लागून आहे. त्याचं तिकीट वेगळं आणि त्याला वेगळा दिवस लागतो.

बुकिंग ॲपवर हॉटेलच्या नावात ‘झांगजियाजिए’, ‘तियानमेन’, ‘फॉरेस्ट पार्क’ काहीही असू शकतं. नावावर जाऊ नका, पत्त्यातला जिल्हा वाचा. योंगदिंग लिहिलंय म्हणजे शहर. वुलिंगयुआन लिहिलंय म्हणजे उद्यानाची बाजू. त्यातही जुनदीपिंग असेल तर वुलिंगयुआन गाव, म्हणजे मुख्य दरवाजाजवळची वस्ती. एवढं वाचायला अर्धा मिनिट लागतो आणि निम्म्या चुका तिथेच टळतात.

आमचं मत स्पष्ट आहे: पहिल्यांदा येणाऱ्याने तीन रात्री वुलिंगयुआन गावात आणि एक रात्र शहरात काढावी. कारण तिकिटात आहे. उद्यानाचं तिकीट चार दिवस चालतं, पासपोर्टशी जोडलेलं असतं आणि आतल्या बसेस त्यातच येतात. कड्यावर चढवणारी बाइलोंग लिफ्ट आणि रोपवे यांचे पैसे तेवढे वेगळे. चार दिवसांच्या तिकिटाचा खरा उपयोग हवेप्रमाणे बेत बदलण्यात आहे. माथा गावापेक्षा सातशे-आठशे मीटर उंच. खाली साधं ढगाळ असताना वर पांढऱ्या भिंतीपलीकडे काहीच दिसत नाही, असं बरेचदा होतं. दरवाजापासून दहा मिनिटांवर राहत असाल तर अशा दिवशी लिफ्टचे पैसे न घालवता खाली सोनेरी चाबूक ओढ्याच्या काठाने चालायचं. सपाट वाट आहे, आजी-आजोबांनाही जमते. पाऊस थांबून हवा फिरली की दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने वर. पाऊस पडून गेल्यावरच्या सकाळी सुळक्यांच्या मधून ढग सरकतात, आणि ते बघायला मिळणं बहुतेक वेळा तुम्ही कुठे झोपलात यावरच अवलंबून असतं.

वुलिंगयुआन गावात जागा निवडताना दरवाजापासूनचं अंतर चालत मोजा. पॅगोडासारख्या उंच इमारतीची खूण सांगितली की तो दरवाजा कुणीही दाखवतं. एक किलोमीटरच्या आत असेल तर उत्तम. शीबू बाजाररस्त्यालगतची हॉटेलं खाण्यापिण्याला सोयीची, पण रात्री उशिरापर्यंत गाणी आणि गर्दी असते. दोन गल्ल्या आत घेतलं तर दर उतरतो आणि झोप लागते. हुआंगलोंग गुहा, बाओफेंग तलाव आणि झांगजियाजिए ग्रँड कॅन्यन या दरीवरचा काचेचा पूलही याच बाजूला आहेत, ते शहरातून करायला जाऊ नका.

दुसरा पर्याय वन उद्यानाच्या दरवाजाजवळचा. ओढ्याची वाट इथूनच सुरू होते आणि हुआंगशीझाई या माथ्याचा रोपवेही इथेच. शांत आहे, सकाळी ओढ्यावर पहिले तुम्हीच असता. पण हॉटेलं मोजकी, खाणावळी त्याहून कमी, आणि उद्यानातल्या युआनजियाजिए या माथ्यावर जायचं तर आधी ओढ्याच्या काठाने बरंच चालून मग बस आणि लिफ्ट, नाहीतर पायऱ्यांची दमछाक करणारी चढण. ज्यांना चालायचंच आहे त्यांनी इथे एक रात्र जरूर काढावी. हातात प्लॅस्टिकची पिशवी घेऊन मात्र ओढ्यावर जाऊ नका. तिथली माकडं पिशवीच ओढतात, खाऊ असो वा नसो.

तिसरा पर्याय माथ्यावरचा. 1998 च्या युनेस्कोच्या पाहणीत आतल्या बेसुमार हॉटेलांवर ताशेरे आले आणि त्यानंतर गाभ्यातली बरीच बांधकामं पाडली गेली. आता तियानझी पर्वताच्या दरवाजाकडे आणि दिंगशियांगरोंगसारख्या वस्त्यांत घरगुती मुक्काम मिळतात. सूर्योदय हवा असेल, छायाचित्रणासाठी आला असाल, तर याला तोड नाही. शेवटची बस गेल्यावर डोंगर तुमचाच. पण एकच रात्र घ्या, आणि ती आधी पक्की न करता दोन दिवसांचा अंदाज बघून. धुक्यात अडकलात तर करण्यासारखं काही नसतं. मोठी बॅग वर नेऊ नका. खालचं हॉटेल बहुधा ती ठेवून घेतं, पाठीवर एका रात्रीचं सामान घ्या. यजमान कोणत्या थांब्यावर आणि किती वाजता घ्यायला येणार हे आदल्या दिवशीच लिहून घ्या. संध्याकाळी आतल्या बसेस बंद होतात आणि मग पर्याय उरत नाही.

शहर हा चौथा पर्याय, फक्त तियानमेनसाठी. तियानमेनचा रोपवे 7,455 मीटर लांब आहे आणि शहरातूनच, घरांच्या छपरांवरून निघतो. खालचं स्टेशन जुन्या रेल्वे स्टेशन आणि मुख्य बसस्थानकाजवळ आहे, तिथल्या चालत्या अंतरातलं हॉटेल घ्या. वेगवान रेल्वेचं ‘पश्चिम’ स्टेशन वेगळं आणि दूर आहे, ‘स्टेशनजवळ’ म्हणून त्याच्या शेजारी खोली घेऊ नका. तियानमेनच्या तिकिटाचे प्रकार असतात: कुणी रोपवेने वर जाऊन बसने उतरतं, कुणी उलट. तुमचा प्रकार कुठून सुरू होतो ते पाहून मग मुक्काम ठरवा.

आता खोलीबद्दल. सगळ्यात जास्त तक्रारी येतात त्या ओलीच्या. दरी अरुंद, ओढा जवळ, पाऊस भरपूर, त्यामुळे चादर हाताला गार आणि दमट लागते, भिंतीच्या कोपऱ्यात काळपट बुरशीही दिसते. खोलीत शिरल्यावर बॅग उघडण्याआधी गादीच्या पायथ्याशी चादरीखाली हात घालून बघा. दमट असेल तर तेव्हाच वरच्या मजल्यावरची खोली मागा. एसीच्या रिमोटवर चिनी अक्षरं असली तरी चिन्हं कळतात: थेंब म्हणजे ओल काढणं, सूर्य म्हणजे गरम हवा, हिमकण म्हणजे थंड. आल्या आल्या थेंबावर दोन तास लावून ठेवा. फक्त एक अडचण आहे. खोलीची वीज दाराजवळच्या खाचेतल्या कार्डावर चालते, तुम्ही कार्ड काढून बाहेर पडलात की एसीही बंद. म्हणून आल्यावर दुसरं कार्ड मागून घ्या.

थंडीचं कारणही समजून घ्या. चीनमध्ये चिन्लिंग पर्वत आणि ह्वाय नदीच्या उत्तरेला सामाईक हीटिंग असतं, हुनान त्या रेषेच्या दक्षिणेला येतं. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत एसीची गरम हवा आणि गादीखालची विजेची चादर यांवरच भिस्त. माथ्यावरच्या मुक्कामात ही चादर आहे का, ते विचारल्याशिवाय पैसे भरू नका.

बुकिंग करताना आणखी काही गोष्टी बघाव्या लागतात. स्वस्त खोल्यांना खिडकी नसते, किंवा असते ती जिन्यात उघडते. ‘खिडकी आहे’ हे खोलीच्या वर्णनात स्पष्ट लिहिलेलं हवं. घरगुती मुक्कामांना बहुतेक लिफ्ट नसते, आणि तिथे तळमजल्यालाच पहिला मजला म्हणतात, म्हणजे त्यांचा चौथा तो आपला तिसरा. गाद्या कडक असतात. नळाचं पाणी पिऊ नका, किटली खोलीत असतेच.

परदेशी पाहुण्याची नोंद 24 तासांत पोलिसांकडे व्हावी लागते. हॉटेल ती स्वतः करतं. काही छोट्या जागी हे काम कुणाला जमत नाही आणि रात्री दहा वाजता दारातून परत पाठवलं जातं. म्हणून आरक्षणानंतर लगेच ‘भारतीय पासपोर्ट आहे, नोंदणी करता ना?’ असा संदेश ॲपमधून पाठवा आणि उत्तराचा स्क्रीनशॉट ठेवा. हॉटेलच्या वायफायवर व्हॉट्सॲप आणि गूगल चालत नाहीत, रोमिंगच्या सिमवर चालतात. पैशांसाठी अलीपे या चिनी पेमेंट ॲपला कार्ड घरूनच जोडून घ्या. 200 युआनपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, त्यावर 3 टक्के लागतं, मुक्कामाचं बिल मोठं असल्याने हे लक्षात ठेवा.

शाकाहारी असाल तर वुलिंगयुआन गावाशिवाय दुसरीकडे सलग राहू नका. हुनानचं जेवण तिखट, आपल्या जिभेला मानवतं, पण भाजीसुद्धा बऱ्याचदा डुकराच्या चरबीत परततात. ‘झूयोऊ’ म्हणजे ती चरबी. नको असेल तर ‘बू याओ झूयोऊ’ असं चिनी अक्षरांत लिहून फोनमध्ये ठेवा आणि ऑर्डर देतानाच दाखवा. सकाळच्या तांदळाच्या शेवया (नूडल्स) हाडांच्या रश्श्यात असतात. हॉटेलच्या न्याहारीत पेज, वाफवलेले पाव, उकडलेली अंडी, सोयाचं दूध एवढं मिळतं, पण ती बहुधा सातला सुरू होते. पहिली बस गाठायची तर आदल्या रात्रीच डबा सांगून ठेवा.

तारखांचं: 1 ते 7 ऑक्टोबर, 1 मेचा आठवडा आणि चिनी नववर्ष टाळाच. दर दुप्पट-तिप्पट होतात आणि लिफ्टच्या रांगेत दोन तास जातात. आपली दिवाळीची सुट्टी बहुतेक वर्षी ऑक्टोबरच्या सुट्टीनंतर पडते, गर्दी ओसरलेली आणि हवा कोरडी, हाच काळ सर्वांत चांगला. मे महिन्याच्या सुट्टीत येत असाल तर निदान 6 तारखेनंतर या.

शेवटची रात्र विमान किंवा पहाटेची गाडी असेल तर शहरातच काढा. वुलिंगयुआनहून टॅक्सीला पाऊण तास ते तास लागतो, धुक्यात त्याहून जास्त, आणि पहाटे पाचला टॅक्सी आदल्या दिवशी सांगितल्याशिवाय मिळत नाही.