सावलीसाठी कडुनिंब की करंज?

दोन्ही झाडं चिवट, धूळ-धूर पचवणारी. खरा फरक जमिनीत. कडुनिंबाची मुळं खोल जातात, पाण्याची ओढ तो सहज सोसतो. पण बुंध्याशी पाणी तुंबलं की मान टाकतो. करंज मात्र पाणथळ, खाऱ्या मातीतही तग धरतो, वर मुळांवरच्या गाठींतून नत्रही जमवतो. त्याच्या पानांवर बारीक फोड दिसले तर घाबरू नका. सूक्ष्म कोळ्यांचा उपद्रव तो, झाड त्याने सहसा मरत नाही. फांद्या मात्र खाली झुकतात, लहानपणीच छाटा.

कचरा दोघांचाही: इकडे चिकट निंबोळ्या, तिकडे शेंगा. निंबोळी ताजीच पेरा, काही आठवड्यांतच तिची उगवणशक्ती जाते. पहिले दोन उन्हाळे पाणी दोघांनाही हवंच. निचरा चांगला असेल तर मी डोळे झाकून कडुनिंब लावीन.