महापुरात वापरलेली रबरी बोट : आमचा अनुभव

शिरोळ तालुक्यात, कृष्णा आणि पंचगंगेच्या बेचक्यात राहणाऱ्यांना कोल्हापूरजवळच्या पंचगंगेवरील राजाराम बंधाऱ्याची ३९ फुटांची इशारा पातळी आणि ४३ फुटांची धोका पातळी तोंडपाठ असते. २०१९ च्या महापुरात सांगली जिल्ह्यातील ब्राह्मणाळ येथे बोट उलटून अनेकांचे प्राण गेले, त्यानंतर आमच्या तरुण मंडळाने वर्गणी काढून दहा जणांची, हवा भरायची रबरी बोट घेतली आणि जुलै २०२१ मध्ये ती पुराच्या पाण्यात उतरवली.

हवेचे कप्पे स्वतंत्र असणे हा या बोटीचा सर्वांत मोठा गुण आहे. पाण्याखालच्या कुंपणाच्या तारेने एक कप्पा फाटला, तरी उरलेल्या कप्प्यांवर ती तरली आणि आत बसलेली बाळंतीण व तिचे तान्हे बाळ कोरड्या जमिनीवर पोहोचले. तळ सपाट असल्याने ती थेट घराच्या उंबरठ्याला लावता येते.

इंजिनाबाबत मात्र समाधान नाही. बुडालेल्या उसाचा पाला पंख्यात गुंतला की इंजिन बंद पडे आणि ते वर उचलून विळ्याने पाला कापावा लागे. शेवटी लांब बांबूच कामी आला. क्षमता दहाची सांगितली असली, तरी ओढ असलेल्या पाण्यात सहापेक्षा अधिक माणसे कृपया घेऊ नयेत. विक्रेत्याने दिलेल्या जीवरक्षक जॅकेटांत लहान मुलांच्या मापाचे एकही नव्हते, ही अक्षम्य उणीव आहे. ती जॅकेटे आम्ही नंतर वेगळी विकत घेतली.