विकायच्या घरातली बेडरूम: रिकामी ठेवावी, आपल्याच सामानात सजवावी की फर्निचर भाड्याने आणावं?

घर विकायला काढलं की ब्रोकर एक वाक्य हमखास टाकतो: "काका, बेडरूम तेवढी नीट करून ठेवा." नीट म्हणजे नेमकं काय, ते मात्र सांगत नाही. मग घरात चर्चा सुरू होते. एक जण म्हणतो, सगळं सामान काढून खोली मोकळी करू. दुसरा म्हणतो, आहे तेच आवरून ठेवू. पुण्याला किंवा बंगळुरूला असलेली मुलगी फोनवर सांगते की हल्ली फर्निचर भाड्याने मिळतं, फोटो छान येतात. इंदुरातल्या नात्यातल्या आणि ओळखीच्या घरांची विक्री होताना हे तिन्ही प्रकार मी जवळून पाहिले आहेत. माझं मत आधीच सांगते: घरात माणसं राहत असतील तर आपलंच सामान, पण निम्मं करून. बाकी दोन मार्ग ठरावीक परिस्थितीतच परवडतात.

हॉल आपण नीट ठेवतोच, कारण पाहुणे तिथे बसतात. साचतं ते सगळं बेडरूममध्ये. आणि घर बघायला आलेलं जोडपं बेडरूममध्येच जास्त वेळ थांबतं. आपला पलंग कुठे येईल, कपाट कुठे, बाळाचा पाळणा बसेल का, हा हिशेब तिथे उभ्या उभ्या चालू असतो. अमेरिकेत विक्रीसाठी घर सजवून देण्याचा धंदा 1970 च्या दशकापासून आहे, आणि तिथल्या घर-दलालांच्या राष्ट्रीय संघटनेच्या पाहण्यांमध्ये सजवण्याच्या खोल्यांत दिवाणखान्याच्या मागोमाग मोठी बेडरूम येते. आपल्याकडे तिला तेवढं महत्त्व कुणी देत नाही. द्यायला हवं.

रिकामी खोली

रिकाम्या खोलीचा फायदा उघड आहे. रंग देणं, फरशी घासणं सोपं जातं, ग्राहकाला टेप लावून मोजता येतं, काही लपवल्याचा संशय राहत नाही. तरीही रिकामी खोली लहान दिसते. ऐकायला उलटं वाटेल, पण नजरेला मापाला काही मिळत नाही, म्हणून 10 बाय 12 ची खोलीसुद्धा "यात पलंग मावेल का हो?" असा प्रश्न उभा करते.

मावतो. मोठा डबल बेड 6 बाय साडेसहा फुटांचा. डोक्याची बाजू 10 फुटी भिंतीला लावली तर दोन्ही बाजूंना दोन-दोन फूट वाट उरते. पायथ्याशी साडेपाच फूट राहतात. त्यातले दोन फूट कपाटाने घेतले तरी साडेतीन फूट उरतात, म्हणजे कपाटाची दारं सताड उघडतात. हेच गणित 10 बाय 10 च्या खोलीत केलं तर पायथ्याशी कपाट लावल्यावर दीडच फूट उरतं, आणि तिथे सरकत्या दारांचंच कपाट हवं. ग्राहक हे गणित मनात करू शकत नाही, पलंग डोळ्यांसमोर असला की आपोआप होतं.

रिकाम्या खोलीत भिंतीही बोलतात: कपाटामागचा न रंगवलेला चौकोन, मच्छरदाणीच्या खिळ्यांची भोकं, उशा टेकून तेलकट झालेला पट्टा. खोली मोकळी ठेवायची तर रंगाचा खर्च धरूनच चाला.

दोन ठिकाणी मात्र मी रिकामीच ठेवा म्हणेन. एक, भंवरकुआच्या आसपासचे फ्लॅट. तिथे कोचिंगमुळे विद्यार्थी भाडेकरू असतात आणि घेणारा बहुधा भाड्याच्या हिशेबानेच घेतो. त्याला खोलीत दोन सिंगल पलंग आणि दोन टेबलं बसतात का एवढंच बघायचं असतं. दुसरं, रामबाग किंवा स्नेहलतागंजातलं जुनं घर, जे घेणारा पाडून नव्याने बांधणार आहे. तो जमिनीचे पैसे देतो. तिथे चादरीवरही खर्च करू नका.

आपलंच सामान, निम्मं करून

हा मार्ग स्वस्त आहे, पण कष्टाचा. आणि मनाला थोडा लागणारा. ज्या खोलीत तीस वर्षं झोपलो तिथून आपल्या खुणा काढायच्या असतात.

सुरुवात कूलरपासून करा. आपल्या इंदुरी घरांत खिडकीत बसवलेला कूलर असतोच. तो निम्मी खिडकी अडवतो, उरलेल्या फटी प्लायवूडने किंवा पुठ्ठ्याने बुजवलेल्या असतात, आणि खोली भर दुपारी अंधारी राहते. उन्हाळा संपला तरी तो तिथेच. तो काढा. काढल्यावर खाली काय निघतं ते बघा: चौकटीवर गंजाचे ओघळ, आतल्या बाजूला फुगलेलं प्लास्टर, बोट लावलं की भुरभुर पडणारा चुना. तेवढी भिंत खरवडून, पूर्ण वाळवून, पुट्टी आणि प्रायमर मारून रंगवली आणि खिडकीला काच परत बसवली की खोलीचं रूपच पालटतं. संपूर्ण घर रंगवण्याचा खर्च झेपत नसेल तर निदान ही एक भिंत करा.

मग कपाटाच्या वरचं. बॅगा, रजयांची गाठोडी, कार्यात आलेल्या भांड्यांचे डबे. नजर वर गेली की छत खाली आल्यासारखं वाटतं, म्हणून हे सगळं बॉक्सपलंगात नाहीतर एखाद्या नातेवाइकाकडे हलवा. कपाटाच्या आतलंही थोडं रिकामं हवं, कारण भिंतीतलं कपाट ग्राहक उघडून बघतोच आणि तो त्याचा हक्क आहे. डांबराच्या गोळ्या आठ-दहा दिवस आधी काढून दारं उघडी ठेवा. तो वास खोलीत भरून राहतो.

पलंग शक्यतो मधोमध, दोन्ही बाजूंनी उतरता येईल असा. डोकं उत्तरेला येऊ देऊ नका. तुमचा विश्वास असो वा नसो, इंदुरात वास्तू बघणारे ग्राहक इतके आहेत की उत्तरेला उशी दिसली की सासूबाई सुनेकडे बघतात आणि पुढची खोली अर्धवट बघितली जाते. दक्षिणेला किंवा पूर्वेला उशी, पलंगासमोर आरसा नाही, एवढं केलं की विषय निघत नाही.

चादरीत बरेच जण चुकतात. बाजारात डबलची म्हणून मिळणारी 90 बाय 108 इंची चादर 72 इंच रुंद गादीवर दोन्हीकडे नऊच इंच लोंबते. गादी सहा इंच जाड असेल तर खाली खोचायला तीन इंच उरतात, आणि कुणी बसलं की चादर निघून येते. मोठ्या पलंगाला 108 बाय 108 घ्या. रंग साधा, पांढरा किंवा बदामी. त्यावर पायथ्याशी एकच उठावदार गोष्ट. मला तिथे बागची ठसेछपाई आवडते, धार जिल्ह्यातल्या बाग गावची, पांढऱ्या जमिनीवर लाल-काळी. मृगनयनी या मध्य प्रदेश सरकारच्या हस्तकला दुकानात मिळते, विक्री झाल्यावर नव्या घरी घेऊन जाता येते. मखमली उशांचा ढीग नको. चार उशा पुरेत, अभ्रे इस्त्री केलेले.

पडद्यांचं तयार माप पाच, सात आणि नऊ फूट. खिडकीला पाच फुटी पडदा लावायची आपली सवय, पण दांडी चौकटीच्या वर पाच-सहा इंच आणि दोन्ही बाजूंना थोडी पुढे नेऊन सात फुटी पडदा सोडला तर खिडकी मोठी दिसते आणि पडदा बाजूला सारल्यावर काच पूर्ण उघडी राहते. दिवे एकाच रंगाचे ठेवा. एलईडीच्या खोक्यावर आकडा असतो: 2700 ते 3000 केल्विन म्हणजे पिवळसर, 6500 म्हणजे पांढराशुभ्र. बेडरूमला पिवळसर शोभतो. एक ट्यूब पांढरी आणि एक बल्ब पिवळा असं मिश्रण फोटोत फार वाईट येतं.

हार घातलेले आईवडिलांचे फोटो बेडरूममध्ये असतील तर ते हॉलच्या दक्षिण भिंतीवर न्या. माळ्यावर टाकू नका, तुम्हालाच चैन पडणार नाही. आणि घरात कुणी अंथरुणाला खिळलेलं असेल तर त्यांची खोली सजवण्याचा हट्ट सोडा. औषधं झाकून ठेवा, स्वच्छ चादर घाला, ग्राहकाला त्या खोलीचे जुने फोटो आणि मापं दाखवा, आणि सौदा पुढे सरकला तरच, त्या माणसाला विचारून, आत न्या.

दाखवायची वेळही तुमच्या हातात असते. पूर्वेची खोली सकाळी. पश्चिमेची खोली मे महिन्यात दुपारी तीनला दाखवली तर भिंतीला हात लावूनच माणूस परत जाईल. तीच संध्याकाळी सातनंतर खिडक्या उघडून दाखवा, मालव्याची रात्रीची हवा तुमच्या बाजूने असते.

भाड्याचं फर्निचर

फ्लॅट बंद आहे, मालक परगावी किंवा परदेशी, आणि घेणारे टीसीएस-इन्फोसिससारख्या कंपन्यांत काम करणारे, आधी मोबाइलवर फोटो बघून मगच येणारे. निपानिया, बिचोली, सुपर कॉरिडॉरकडच्या नव्या इमारतींत असा प्रसंग येतो. तिथे भाड्याचा पलंग खरोखर उपयोगी पडतो. फोटोत रिकामी खोली म्हणजे चार भिंती आणि पंखा. पलंग, बाजूचं एक टेबल आणि दिवा आला की माणूस थांबून बघतो.

पण भाडं महिन्यांच्या हिशेबाने असतं, शिवाय अनामत, नेण्या-आणण्याचा खर्च आणि बऱ्याचदा किमान काही महिन्यांची अट. घर लवकर विकलं गेलं नाही की दर महिन्याला पैसे जात राहतात आणि त्या दडपणाखाली माणूस भाव उतरवतो. मला या मार्गाची हीच भीती वाटते. म्हणून पूर्ण संच आणू नका, फक्त मोठ्या बेडरूमचा पलंग-गादी आणा, फोटो काढा, पहिले काही आठवडे ठेवा आणि मुदत संपली की परत करा. दुसऱ्या बेडरूमला एखादं टेबल-खुर्ची पुरते.

खोली मोठी दिसावी म्हणून मुद्दाम बुटका, अरुंद पलंग लावण्याचा सल्लाही मिळेल. तो ऐकू नका. ग्राहक स्वतःचा 6 बाय साडेसहाचा पलंग घेऊन येणार आहे. खोली लहान असेल तर 5 बाय साडेसहाचा लावा आणि तो पाच फुटी आहे हे सांगा.

तिन्ही शेजारी ठेवून

पैशांत आपलं सामान सगळ्यात स्वस्त. रिकाम्या खोलीला रंग लागतो, भाड्याला तर मीटरच चालू असतो. श्रमांत क्रम उलटा: भाड्याचं एका दिवसात लागतं, आपलं आवरायला पंधरवडा जातो, आणि ग्राहक येणार म्हटलं की रोज सकाळी पलंग पुन्हा लावावा लागतो. फोटोत भाड्याचं पुढे. प्रत्यक्ष भेटीत मात्र राहत्या घराची नीटनेटकी खोली मला नेहमी उजवी वाटते, कारण पंखा फिरत असतो, खिडकी उघडी असते, कपाट खरंच वापरात असतं.

एका बाबतीत तिन्ही मार्गांना एकच नियम आहे. आपल्या काळ्या मातीमुळे इंदुरातल्या जुन्या घरांना तडे जातात. पावसाळ्यात माती फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, आणि पाया खोल नसेल तर भिंत ते दाखवते. बारीक केसासारखा तडा पुट्टीने भरून रंगवावा, त्यात गैर नाही. पण खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका जाणारा रुंद तडा किंवा दरवर्षी परत येणारी ओल कपाटामागे दडवू नका. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 55 प्रमाणे, साध्या काळजीने ग्राहकाला कळणार नाही असा मोठा दोष विकणाऱ्याला माहीत असेल तर तो सांगणं त्याच्यावर बंधनकारक आहे. मिस्त्रीला दाखवा, दुरुस्ती करा, नाही जमली तर सांगून भावात धरा. ओल झाकण्यासाठी मारलेला रंग पहिल्या पावसात उघडा पडतो, आणि तोवर रजिस्ट्री झालेली असली तरी भांडण तुमच्या दारात येतं.

शेवटचं एक काम कुठल्याही मार्गात करायचंच. सजवलेली खोली बघून ग्राहक पलंग, पडदे, पंखे, भिंतीतलं कपाट हे सगळं किमतीत धरून चालतो. काय घरासोबत जाणार आणि काय तुम्ही नेणार, ते बयान्याच्या (इसाराच्या) कागदावर एकेक वस्तू घालून लिहा, आणि भाड्याचा पलंग असेल तर तो भाड्याचा आहे हेही त्यातच नमूद करा.