रताळ्यातला सोंड्या भुंगा: मातीची भर, कामगंध सापळे की फवारणी?

महाशिवरात्रीच्या बाजारासाठी रताळी लावायची आहेत आणि भुंग्यावर पैसा कुठे घालावा ते ठरत नसेल, तर आधी आपलं रान बघा. तापीकाठच्या काळ्या जमिनीला पाण्याचा ताण बसला की भेगा पडतात. सोंड्या भुंग्याला माती उकरता येत नाही. कंदापर्यंत तो या भेगांतूनच उतरतो.

म्हणून माझा पहिला कौल मातीच्या भरीला. लागवडीनंतर महिन्याने एकदा आणि दोन महिन्यांनी पुन्हा भर द्या, कंद उघडा पडू देऊ नका. मजुरी लागते, हे खरं. पण ठिबकवर वरंबा ओलसर राहिला तर भेगाच पडत नाहीत आणि भुंग्याची वाटच बंद होते.

फवारणी स्वस्त वाटते, पण अळी असते वेलाच्या बुडख्यात आणि कंदात. पांढरी, बिनपायाची. तिथे औषध पोचत नाही. कंद चिरला की काळपट बोगदे आणि उग्र वास. असं रताळं शिजवलं तरी कडूच लागतं, गुरांनाही घालू नये. उपवासाला घरी आणलेल्यात असं एक निघालं तरी गिऱ्हाईक तुमच्याकडे परत येत नाही.

कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या वासाचं आमिष लावलेले सापळे, चांगलेच, पण त्यात फक्त नर सापडतात. तिरुवनंतपुरमच्या केंद्रीय कंदपिके संशोधन संस्थेची शिफारस 100 चौरस मीटरला एक सापळा, म्हणजे एकरी साधारण 40. कपाशीच्या बोंडअळीची ल्युअर (सापळ्यातलं वासाचं आमिष) इथे चालत नाही, रताळ्याच्या भुंग्याचीच मागून घ्या. सापळ्यात काय पडलंय तेही नीट बघा: पाव इंचाचा, मुंगळ्यासारखा, डोकं नि पोट निळसर काळं, छाती नि पाय तांबडे. मुंगळाच समजून बरेच जण दुर्लक्ष करतात.

हात आखडता असेल तर भर आणि स्वच्छ बेणं एवढ्यावर खर्च करा, उरलं तर सापळे. बेणं वेलाच्या शेंड्याकडचंच घ्या, कारण बुडख्याच्या जुन्या भागात अंडी-अळ्या असू शकतात. गेल्या वर्षी जिथे रताळी होती तिथे यंदा लावू नका. आणि पीक तयार झालं की भावाची वाट बघत जमिनीत ठेवू नका. काढा, राहिलेले कंद-वेल वेचून जाळा.