हुमणाचं वाटण, पोळ्यांचं पीठ: गोव्याच्या स्वयंपाकघरात कोणतं यंत्र घ्यावं?

गोव्यात नवं बिऱ्हाड मांडणाऱ्याने पहिला पैसा वाटणाच्या यंत्रावर घालावा, बाकी सगळं मागाहून. हुमण (नारळाच्या वाटणाची माशाची आमटी) असो, हळसांद्यांचं (चवळीसारख्या कडधान्याचं) तोणाक म्हणजे रस्सा असो, खतखतं (भाज्यांचा रस्सा) असो की शागोती (भाजलेल्या मसाल्याचा रस्सा), आपलं जेवण ओल्या नारळाच्या वाटणावर उभं आहे. वाटण खरखरीत राहिलं की रस एकीकडे नि चोथा एकीकडे होतो. मग मासळी कितीही ताजी असू दे, हुमणाला गोडी येत नाही. म्हणून दुकानाची पायरी चढण्याआधी घरीच हिशेब करा: आठवड्यातून नारळाचं वाटण किती वेळा होतं, डाळ-तांदळाचं पीठ किती वेळा भिजतं आणि पानावर माणसं किती बसतात. यंत्र कोणतं हवं ते या तीन उत्तरांवरच ठरतं. जाहिरातीतल्या वॅटच्या आकड्यावर ते ठरत नाही.

मिक्सर की वेट ग्राइंडर

दोघांचं काम वरवर सारखं दिसतं, पण पद्धत अगदी वेगळी. मिक्सरचं पातं मिनिटाला हजारो फेरे घेत नारळ कापतं. वेट ग्राइंडरमध्ये दगड सावकाश फिरतात आणि नारळ किंवा डाळ त्यांच्याखाली चिरडली जाते, म्हणजे जुन्या घरांतल्या रगड्याचंच काम विजेवर. कापलेल्या आणि चिरडलेल्या वाटणात फरक असतो. चिरडलेल्यातून नारळाचं दूध आणि तेल जास्त सुटतं, म्हणून रगड्यावरचं हुमण दाट आणि एकजीव लागतं. आजीच्या हातच्या हुमणाची आठवण काढणारे लोक खोटं बोलत नाहीत.

तरीही रोजच्या हुमणासाठी मी मिक्सरच सुचवीन. दोन-चार माणसांचं वाटण म्हणजे अर्धा नारळ, पाच-सहा मिरच्या, थोडे धणे, हळद आणि चिंच. एवढंसं वाटण दोन लिटरच्या ग्राइंडरमध्ये घातलं तर निम्मं दगडांना आणि भांड्याच्या कडांना चिकटून बसतं. ते खरवडून काढायचं, मग दगड धुवायचे, पुसायचे, वाळवायचे. सकाळी डबे भरायच्या घाईत हे कुणाला जमणार?

मिक्सरवरही वाटण मऊ येतं, फक्त दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. नारळाचे तुकडे घालू नयेत, खवलेलाच घालावा, कारण तुकड्यांबरोबर पाठीची तपकिरी साल जाते आणि हुमणाचा रंग मळकट होतो. सुक्या मिरच्या आधी पाण्यात भिजवाव्यात. काणकोणच्या खोला मिरचीला 2020 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिचा लालभडक रंग हुमणात उतरायला हवा असेल, तर मिरची भिजून मऊ झालेली असणं फार गरजेचं आहे. पाणी एकदम ओतायचं नाही. पहिल्या फेरीत जेमतेम ओलं होईल इतकंच, मग थांबून कडा खाली ओढायच्या आणि पुन्हा चमचाभर. शेवटी वाटण अंगठा आणि तर्जनीत धरून घासून बघायचं. रवा लागला तर अजून एक फेरी, लोण्यासारखं सरकलं तर झालं. तिरफळं मात्र यात घालू नका. ती वेगळी ठेचून उकळत्या हुमणात टाकायची असतात.

मिक्सर घेताना बहुतेक जण 500 वॅट की 750 वॅट एवढंच विचारतात. लहान कुटुंबाला 500 वॅट पुरतो. शागोतीसाठी भाजलेला मसाला वारंवार दळत असाल किंवा घर सहा-आठ माणसांचं असेल, तर 750 घ्या. मी आधी छोटं भांडं बघते, ज्याला दुकानदार चटणी जार म्हणतात. दीड लिटरच्या भांड्यात अर्ध्या नारळाचं वाटण पात्याच्या वर उडतं आणि भिंतीला चिकटतं. चारशे-पाचशे मिलिलिटरच्या भांड्यात ते पात्याजवळ राहतं आणि बारीक होतं. पातं तळाला टेकल्यासारखं आहे का, झाकण घट्ट बसतं का, हे हातात घेऊन बघा. छोटं भांडं कामाचं नसेल तर बाकी तीन भांडी कितीही चकचकीत असोत, ते यंत्र आपल्या उपयोगाचं नाही.

मिक्सरच्या पोटाला चिकटवलेल्या पट्टीवर बऱ्याचदा पाच मिनिटं चालू, दोन मिनिटं बंद असं काहीतरी छापलेलं असतं. ते वाचा आणि पाळा. डाळ वाटताना यंत्र अचानक बंद पडलं तर घाबरू नका. बहुतेक मिक्सरना खाली एक लाल बटण असतं. मोटरवर ताण आला की ते आपोआप बाहेर येतं आणि वीज तोडतं. मोटर गार होऊ द्या, भांड्यातलं थोडं कमी करा आणि बटण दाबा.

आखातातून, लिस्बनहून किंवा लंडनहून येणारे नातेवाईक प्रेमाने ब्लेंडर आणतात, त्याबद्दलही सांगायला हवं. ते फळांचा रस आणि सूप यांच्यासाठी बनवलेले असतात. ओला नारळ, धणे आणि सुकी मिरची एकत्र वाटायला लागणारा जोर बहुतेकांत नसतो. विदेशी मिक्सर आपल्या मसाल्यांपुढे टिकत नाहीत, हे बघूनच 1960 च्या दशकात मुंबईत सुमीत मिक्सर जन्माला आला, आणि जोरदार मोटर व स्टीलची भांडी ही आपल्याकडची रीत झाली. पाहुण्याचा ब्लेंडर लस्सीला आणि आंब्याच्या रसाला ठेवा.

मग वेट ग्राइंडर घ्यायचा कुणी? ज्यांच्या घरी आठवड्यातून एकदा तरी पोळे (डोशासारखे), इडल्या किंवा सान्नां (इडलीसारखी वाफवलेली) होतात त्यांनी. उडदाची डाळ दगडाखाली वीस-तीस मिनिटं सावकाश फिरते तेव्हा तिच्यात हवा भरते. पीठ तापत नाही, हलकं होऊन वर येतं आणि चांगलं आंबतं. मिक्सरमध्ये तीच डाळ गरम होते आणि जड बसते. बर्फाचं पाणी घालून, थांबत थांबत वाटली तर फरक कमी होतो, पण मिटत नाही. महिन्यातून एकदा पोळे करणाऱ्याने बर्फाच्या पाण्यावर भागवावं. दर रविवारी करणाऱ्याने ग्राइंडर घ्यावा. हा फरक पहिल्याच इडलीत कळतो.

या यंत्रांचं माहेर कोइंबतूर. तिथल्या वेट ग्राइंडरला भौगोलिक मानांकनही आहे. घरगुती दोन लिटरचं यंत्र ओट्यावर मावतं, पण वजनाला दहा-बारा किलोच्या आसपास भरतं. ते कपाटात ठेवून लागेल तेव्हा काढीन, असं म्हणणाऱ्याने घेऊच नये. दुसऱ्या महिन्यापासून ते कपाटातच राहतं. ओट्यावर कायमची जागा असेल तरच घ्या. आणि सुके मसाले त्यात दळता येत नाहीत, म्हणजे मिक्सर लागतोच. दोन्ही नसतील तर आधी मिक्सर, हा क्रम म्हणूनच.

काही ग्राइंडरना नारळ खवायचं जोडसाधन मिळतं. ते मात्र घ्याच. चवथीला (गणेश चतुर्थीला) पातोळ्यांसाठी आणि नेवऱ्यांसाठी नारळाचा ढीग खवायचा असतो तेव्हा आदोळीवर, म्हणजे विळीवर, बसून पाठ धरते. अशा मोठ्या कामाला, घरी पंधरा-वीस माणसं जेवायची असतील तेव्हा, वाटणसुद्धा ग्राइंडरमध्ये टाका. दगड भरलेले असले की वाटण वाया जात नाही आणि रगड्याच्या जवळ जाणारं हुमण मिळतं.

वीज बिलाची काळजी यात आड आणू नका. ग्राइंडरची मोटर साधारण 150 वॅटची असते, अर्धा तास चालली तर 0.075 युनिट. 750 वॅटचा मिक्सर पूर्ण जोरात दहा मिनिटं चालला तर 0.125 युनिट. दोन्ही आकडे नगण्य आहेत.

पावसाळ्यातली दमट हवा हा जास्त खरा प्रश्न. जून ते सप्टेंबर दगड नीट वाळत नाहीत आणि झाकून ठेवले की कुबट वास धरतात. धुतल्यावर भांडं उघडं, पंख्याखाली ठेवा आणि कोरडं झाल्याशिवाय झाकण लावू नका. किनाऱ्याजवळ राहत असाल तर खारा वारा रंगवलेल्या पत्र्याला सोडत नाही. शक्यतो स्टीलचं भांडं आणि प्लास्टिकचा सांगाडा असलेलं यंत्र घ्या.

उकड्या तांदळाचा भात

इलेक्ट्रिक राइस कुकर सुरय, म्हणजे न उकडलेल्या, तांदळाला छान. पाणी आटलं की तळाचं तापमान चढतं आणि तो आपोआप बंद होतो. पण उकडा तांदूळ भरपूर पाण्यात शिजवून पेज काढणारं घर असेल, तर पाणी आटेपर्यंत थांबणारा कुकर तिथे कामाचा नाही. त्यापेक्षा गॅसवरचं जाड बुडाचं भांडं किंवा साधा प्रेशर कुकर बरा. दोघेही नोकरीला जात असतील तर इलेक्ट्रिक प्रेशर कुकर उपयोगी. हळसांदे, चणे, वाटाणे वेळ लावून ठेवता येतात, शिट्या मोजत उभं राहावं लागत नाही. वादळी पावसात लाइट जाते तेव्हा मात्र तो जागीच थांबतो. म्हणून गॅसवरचा कुकर मोडीत काढू नका.

एअर फ्रायर की ओटीजी

एअर फ्रायर म्हणजे पंख्याने गरम हवा जोरात फिरवणारी छोटी भट्टी. त्यात तळण होत नाही. रव्यात घोळवलेला बांगडा त्यात ठेवला आणि तेल लावलं नाही, तर वरचा रवा पांढरा आणि कोरडा राहतो. थोडं तेल लावून ठेवला तर बांगडा बरा होतो, कारण तो स्वतःच तेलकट मासा. मुडदुश्यासारखी नाजूक मासळी तव्यावरच करावी. चार लिटरच्या टोपलीत एका वेळी दोन-तीन बांगडेच मावतात, म्हणजे सहा जणांच्या घरी पहिली फेरी संपेपर्यंत तिसरी लागायची असते. एकट्याने किंवा जोडीने राहणाऱ्यांना, ज्यांना तेल कमी हवं आणि सकाळची पोई (गोव्याचा कोंड्याचा पाव) संध्याकाळी कुरकुरीत हवी, त्यांना एअर फ्रायर नक्की घ्या म्हणेन.

ओटीजी (ओव्हन-टोस्टर-ग्रिल, म्हणजे भाजायची विजेची भट्टी) मोठ्या घराचा आणि बेकिंग करणाऱ्याचा. यात वरचा आणि खालचा रॉड वेगळा चालवता येतो, आणि गोव्यात याला फार महत्त्व आहे. बेबिंकेला, म्हणजे गोव्याच्या थरांच्या गोड पदार्थाला, 2023 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ती करताना उष्णता मुख्यतः वरून लागते. नारळाचं दूध, अंड्याचा बलक, साखर, मैदा आणि तूप यांचा पातळ थर ओतायचा, वरून लालसर होऊ द्यायचा आणि त्यावर पुढचा थर. पूर्वी हे झाकणावर निखारे ठेवून होत असे. ओटीजीत फक्त वरचा रॉड लावला की तेच साधतं. एअर फ्रायरच्या पंख्याचा झोत पातळ थरावर सुरकुत्या पाडतो. नाताळात बोलिन्यांचे (नारळाच्या बिस्किटांचे) दोन ट्रे भाजायचे असतील तरी ओटीजीच. पाव किलो केकपुरतंच बेकिंग असेल तर एअर फ्रायर पुरतो.

दोन्ही घेण्याआधी स्वयंपाकघरातला प्लग पॉइंट बघा. 1500 वॅटचं यंत्र 230 व्होल्टला साडेसहा अँपिअर ओढतं. जुन्या घरांत ओट्याजवळ बऱ्याचदा 6 अँपिअरचाच छोटा पॉइंट असतो, आणि एक्स्टेंशन बोर्ड लावून त्यावर ओटीजी चालवणं म्हणजे वायर तापवणं. इलेक्ट्रिशियनला बोलावून 16 अँपिअरचा पॉइंट आधी काढून घ्या, मगच खोकं घरी आणा. मिक्सर आणि वेट ग्राइंडर साध्या पॉइंटवर चालतात, त्यामुळे भाड्याच्या घरात राहणाऱ्यांना भिंत फोडावी लागत नाही.