ब्रूस लीचा डीव्हीडी संच आणि आमच्या आखाड्याची भिंत

मोर्शी तालुक्यातील आमच्या गावात मारुतीच्या देवळामागे एक जुना आखाडा आहे. तेथे येणारी मुले गेली दोन वर्षे मोबाइलवर ब्रूस लीची अर्ध्या-अर्ध्या मिनिटाची दृश्ये पाहत होती. हा माणूस कोण, कोठला, त्याने आयुष्यात केले काय, याचा मात्र त्यांना पत्ता नव्हता. यंदा आंबिया बहाराची संत्री उतरून हाती थोडा पैसा आल्यावर आम्ही वर्गणी काढली आणि त्याच्या चित्रपटांचा एक विलायती डीव्हीडी संच ऑनलाइन मागवला. चार चित्रपट, पाचव्या डीव्हीडीवर माहितीपट आणि सोबत ४८ पानांची इंग्रजी पुस्तिका, असे सगळे मिळून २,३५० रुपये पडले. महिनाभर दर शनिवारी आखाड्याच्या चुना मारलेल्या भिंतीवर प्रोजेक्टर लावून आम्ही तो पाहिला, आणि आता तो घ्यावा की नाही याविषयी चार शब्द लिहीत आहे.

आधी तक्रार. विक्रेत्याने हा संच कोणत्याही प्लेअरवर चालेल असे लिहिले होते. डीव्हीडी जगाच्या ठरावीक विभागांपुरत्याच चालतील अशा बांधलेल्या असतात. खोक्यावर मात्र ‘विभाग २’ असा शिक्का निघाला आणि भारत विभाग ५ मध्ये येत असल्यामुळे वाचनालयाच्या प्लेअरने पहिलीच डीव्हीडी नाकारली. शेवटी संगणकाच्या ड्राइव्हचा विभाग बदलून काम भागवले, पण असा बदल साधारणपणे पाचच वेळा करता येतो आणि त्यानंतर ड्राइव्ह शेवटी निवडलेल्या विभागावर कायमचा अडकतो, हे घेणाऱ्याने आधीच लक्षात ठेवावे. संच परत करण्याची मुदत म्हणाल तर ती पार्सल तालुक्याला पडून राहिले त्यातच संपली होती.

दुसरी उणीव याहून मोठी आहे. खोक्यावर ‘संपूर्ण’ असा शब्द ठळक अक्षरांत असूनही ज्या चित्रपटामुळे ब्रूस ली जगभर पोहोचला, तो १९७३चा ‘एंटर द ड्रॅगन’ यात नाही. संचातील चारही चित्रपट हाँगकाँगच्या गोल्डन हार्वेस्ट कंपनीचे आहेत, आणि ‘एंटर द ड्रॅगन’ अमेरिकेच्या वॉर्नर ब्रदर्ससोबत झालेला असल्यामुळे तो वेगळा विकला जातो. कारण पटण्यासारखे आहे. फक्त ते खोक्यावर छापायला हवे होते.

पुस्तिकेचा पहिला तिसरा हिस्सा उत्तम उतरला आहे. ब्रूस लीचे वडील कँटोनी संगीत नाटकातील नामांकित नट होते आणि ते अमेरिकेच्या दौऱ्यावर असतानाच २७ नोव्हेंबर १९४० रोजी सॅन फ्रान्सिस्कोत त्याचा जन्म झाला. ही माहिती मी वाचून दाखवली तेव्हा खडी गंमत हे विदर्भातले लोकनाट्य पाहत मोठे झालेल्या आमच्या म्हाताऱ्या मंडळींना ती फार जवळची वाटली. काही महिन्यांचा असताना त्याला एका चित्रपटात बाळ म्हणून दाखवले गेले, आणि हाँगकाँगला परतल्यावर अठरा वर्षांचा होईपर्यंत त्याने सुमारे वीस चित्रपटांत काम केले. म्हणजे कॅमेरा त्याच्या अंगवळणी पडला तो कुंग फूच्याही आधी. इप मान या गुरूंकडे विंग चुन ही कुंग फूची शैली शिकणारा हा मुलगा १९५८ साली हाँगकाँगच्या चा-चा नृत्यस्पर्धेचा विजेता होता, हे कळल्यावर मुले हसली. पुढच्या शनिवारी त्याची पावले पाहिल्यावर मात्र त्या हसण्याची जागा कौतुकाने घेतली.

रस्त्यावरच्या मारामाऱ्यांना कंटाळून घरच्यांनी त्याला १९५९ साली अमेरिकेत पाठवले. तेथून १९७१पर्यंतची बारा वर्षे पुस्तिका अडीच पानांत उरकते आणि माझा खरा राग येथेच आहे, कारण माणूस घडला तो याच वर्षांत. सिएटलच्या एका उपाहारगृहात तो वरकाम करीत होता. पुढे विद्यापीठात दाखल झाला, शिकवण्या घेऊ लागला, १९६४ साली त्याने लिंडा एमरीशी लग्न केले आणि त्याच वर्षी लाँग बीचच्या कराटे स्पर्धेतील प्रात्यक्षिकामुळे तो दूरचित्रवाणीवाल्यांच्या नजरेस आला. ‘द ग्रीन हॉर्नेट’ या मालिकेत त्याला काटो नावाच्या मोटारचालकाचे काम मिळाले, पण ती १९६६-६७चा एकच हंगाम चालून बंद पडली. १९७० साली व्यायाम करताना पाठीला जबर दुखापत होऊन तो कित्येक महिने अंथरुणाला खिळला, आणि त्या पडल्या अवस्थेतही वह्यांमागून वह्या लिहीत राहिला.

पुस्तिकेने आणखी दोन गोष्टी गाळल्या आहेत, आणि विदर्भातल्या वाचकाला नेमक्या त्याच हव्या असतील. पहिली अशी की, १९७१च्या सुरुवातीला ब्रूस ली खुद्द भारतात येऊन गेला. ‘द सायलेंट फ्लूट’ नावाच्या चित्रपटासाठी नट जेम्स कोबर्न आणि पटकथालेखक स्टर्लिंग सिलिफंट यांच्यासह तो चित्रीकरणाच्या जागा पाहायला आला होता; वॉर्नर ब्रदर्सचा पैसा भारतात अडकून पडलेला असल्यामुळे तो येथेच खर्च करावा असा कंपनीचा हिशेब होता. जागा कोबर्नला पसंत पडल्या नाहीत आणि बेत बारगळला. दुसरी गोष्ट गामा पैलवानाची. गामाच्या मेहनतीविषयीचे लेख ब्रूस लीने वाचले होते आणि दंड-बैठका आपल्या रोजच्या व्यायामात घेतल्या होत्या. मी हे सांगितल्यावर आमचे वस्ताद काकाजी, जे तरुणपणी अमरावतीला हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची मैदाने पाहून आलेले आहेत, ते शांतपणे म्हणाले, “मंग हा तं आपल्याच लाल मातीतला निंगाला बाप्पा.” मी हे विधान पुस्तिकेच्या मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहून ठेवले आहे.

आता चित्रपट. इंग्रजी आवाज आणि चिनी आवाज अशा दोन्ही सोयी आहेत, उपशीर्षके फक्त इंग्रजीत. त्या काळी हाँगकाँगचे चित्रपट बहुधा मुके चित्रित करून आवाज नंतर भरत असत, त्यामुळे कोणताही आवाज लावला तरी ओठ जुळत नाहीत आणि त्यात डीव्हीडीचा दोष नाही. आम्ही चिनी आवाज लावला आणि मी भिंतीजवळ उभा राहून वऱ्हाडीत सांगत गेलो. इंग्रजी आवाज टाळावा. त्यात प्रत्येक खलनायक एकाच घशातून बोलतो.

‘द बिग बॉस’ (१९७१) थायलंडमध्ये चित्रित झाला. नायकाने आईला मारामारी न करण्याचे वचन दिले आहे, गळ्यात त्याची आठवण म्हणून एक ताईत आहे, आणि पाऊण तास तो हात खिशात घालून नुसता पाहत राहतो. आमच्याकडे पहिल्या अर्ध्या तासातच कुरकुर सुरू झाली. “काहून मारत नाही बे हा?” असे मागून कोणी तरी ओरडले, आणि काकाजींनी मागे न वळताच “थांब ना, ताईत तुटू दे” असे उत्तर दिले. तो तुटला तेव्हा भिंतीसमोरच्या पोत्यांवर बसलेली सत्तर माणसे एकदम उठली. या चित्रपटाने हाँगकाँगमधील तोवरचा कमाईचा उच्चांक मोडला, पुढच्या ‘फिस्ट ऑफ फ्यूरी’ने (१९७२) याचा मोडला. त्या दुसऱ्या चित्रपटाची प्रत संचात सर्वांत स्वच्छ आहे. शांघायच्या बागेबाहेरची ‘कुत्र्यांना आणि चिनी लोकांना मज्जाव’ ही पाटी तो उडी मारून फोडतो, तेथे मला काहीच समजावून सांगावे लागले नाही. कथा मात्र पाठांतरासारखी सरळ आहे.

पैसे वसूल होतात ते तिसऱ्या डीव्हीडीवर. ‘वे ऑफ द ड्रॅगन’ (१९७२) त्याने स्वतः लिहिला, स्वतः दिग्दर्शित केला. पूर्वार्धातील रोमच्या उपाहारगृहातला विनोद आज बराच शिळा वाटतो, तो सरळ पुढे ढकलला तरी चालेल. परंतु शेवटची कोलोसियममधील लढत आम्ही चार वेळा लावली. तिचा बराचसा भाग हाँगकाँगच्या स्टुडिओत उभारलेल्या देखाव्यात घेतला आहे, तरीही तिच्यात खोटे असे काही जाणवत नाही. समोर चक नॉरिस, कराटेतील खराखुरा विजेता, अंगाने दुप्पट. सुरुवातीला ब्रूस ली मार खातो, खाली पडतो. मग उठतो आणि त्याच्या पायांची चाल बदलते. टाच जमिनीला टेकेनाशी होते, खांदे सैल पडतात, आणि नॉरिस जेथे मारतो तेथे तो नसतो. चा-चा आठवून मुले या वेळी हसली नाहीत. काकाजींनी चित्र थांबवायला लावले, भिंतीजवळ जाऊन काठीने त्याचे मागचे पाऊल दाखवले आणि आमच्या एका मुलाला, जो कुस्तीत सारखा डाव्या बाजूला चीत होतो, त्याची चूक तेथल्या तेथे समजावून सांगितली. नॉरिसचा हात-पाय निकामी झाल्यावर ब्रूस ली मानेनेच त्याला थांबण्याची खूण करतो, पण नॉरिस थांबत नाही. आणि त्याला मारल्यावर त्याचाच कुडता आणि काळा पट्टा तो त्याच्या देहावर पांघरतो. एवढ्या गर्दीत त्या क्षणी फक्त प्रोजेक्टरच्या पंख्याचा आवाज येत होता.

‘गेम ऑफ डेथ’ (१९७८) पाहू नये. ‘एंटर द ड्रॅगन’साठी त्याने हा चित्रपट अर्धवट ठेवला आणि तो पूर्ण करायला तो जिवंत राहिला नाही, मागे राहिलेल्यांनी तोतये घेऊन वेगळीच कथा जुळवली. त्यात खरा ब्रूस ली जेमतेम अकरा-बारा मिनिटे आहे. एका दृश्यात तर आरशावर त्याच्या चेहऱ्याचे कापलेले चित्र चिकटवले आहे, आणि त्याच्या खऱ्या अंत्ययात्रेचे चित्रीकरणही कथेत वापरले आहे. हे कळल्यावर गावातील बायका उठून गेल्या, आणि मीही यंत्र बंद केले.

पाचव्या डीव्हीडीने ही कसर भरून काढली. तिच्यात त्याच अपुऱ्या चित्रपटाचे मूळ चित्रीकरण, त्याने आखले होते त्या क्रमाने, अर्ध्या तासाहून अधिक काळ पाहायला मिळते: पिवळा पोशाख, पॅगोड्याचे एकेक मजले आणि शेवटी सात फुटांहून उंच करीम अब्दुल-जब्बार, जो बास्केटबॉलपटू त्याचा शिष्य होता. तेथे एका फटक्यानंतर ब्रूस ली क्षणभर दम घेताना दिसतो. मोबाइलवरच्या तुकड्यांत हा दम कापलेला असतो, म्हणून मुलांना तो माणूस न वाटता यंत्र वाटत होता.

पुस्तिकेची शेवटची नऊ पाने त्याच्या मृत्यूवरील अफवांनी भरली आहेत, ती वाचण्याजोगी नाहीत. १० मे १९७३ रोजी आवाज भरण्याच्या खोलीत, जेथे ध्वनीत व्यत्यय नको म्हणून वातानुकूलन बंद ठेवले होते, तो कोसळला, त्यातून वाचला, २० जुलैला डोकेदुखीवरची गोळी घेऊन झोपला तो उठलाच नाही. मेंदूला सूज आली होती, वय ३२. चौकशीत तो अपघाती मृत्यू ठरला. ‘एंटर द ड्रॅगन’ अमेरिकेत प्रदर्शित झाला तो त्यानंतरच्या महिन्यात.

पाचपैकी साडेतीन तारे देतो. अर्धा तारा खोक्यावरच्या ‘संपूर्ण’ या शब्दासाठी कापला आहे, एक विभाग २ साठी. ज्यांच्याकडे संगणक आहे आणि उपशीर्षके वाचून सांगणारा एखादा माणूस आहे, त्यांनी जरूर घ्यावा; एकट्याने मोबाइलवर पाहणाऱ्याला याचा उपयोग नाही. आमच्या ड्राइव्हचा विभाग अजून तीन वेळा बदलता येतो, आणि ‘एंटर द ड्रॅगन’ कोणत्या विभागाचा मिळतो ते पाहून मृग बहाराच्या वर्गणीतून तो मागवायचे ठरले आहे.