फंगल कल्चर आणि सेन्सिटिव्हिटी टेस्ट : करून घ्या, पण रिपोर्ट नीट वाचून घ्या

आईच्या अन्ननलिकेत कँडिडा या बुरशीचं इन्फेक्शन झालेलं, गिळताना दुखायचं, फ्लुकोनाझोल या बुरशीवरच्या औषधाचा पूर्ण कोर्स झाला तरी त्रास जाईना म्हणून एंडोस्कोपी परत केली आणि यावेळी डॉक्टरांनी तिथलं सॅम्पल कल्चरला, म्हणजे लॅबमध्ये बुरशी वाढवून कुठलं औषध चालतं ते बघायला, पाठवलं. त्या टेस्टबद्दल लिहितेय, 5 पैकी 4 स्टार.

रिपोर्टमध्ये कँडिडा ग्लाब्राटा (कँडिडाची एक जात) निघाला आणि फ्लुकोनाझोलचा एमआयसी 64, म्हणजे सरळ रेझिस्टंट, औषधाला न जुमानणारा. एमआयसी म्हणजे बुरशीची वाढ रोखायला लागणारं औषधाचं कमीत कमी प्रमाण. ग्लाब्राटाचं असं आहे की तो पेशीत शिरलेलं फ्लुकोनाझोल पंपाने बाहेर फेकतो, आणि तोच पंप व्होरिकोनाझोललाही बाहेर काढू शकतो, त्यामुळे त्याच घरातली दुसरी गोळी देऊन भागेलच असं नाही. क्रुसेई या दुसऱ्या जातीवर तर फ्लुकोनाझोल मुळातच चालत नाही. म्हणून नुसतं "यीस्ट आढळले" एवढं लिहून देणारा रिपोर्ट काय कामाचा, जात कळलीच पाहिजे! आईला शेवटी कॅस्पोफंजिन हे वेगळ्या घरातलं औषध दिलं, ते तोंडाने घेऊन शोषलंच जात नाही म्हणून शिरेतून द्यावं लागतं, अॅडमिट व्हावं लागलं, पण आता ती नीट जेवतेय आणि मला त्याचा इतका आनंद आहे की काय सांगू.

वेळ लागतो हे धरून चला, आधी बुरशी वाढायला हवी, मग जात ओळखायची, मग औषधं लावून परत वाढ बघायची, त्यात लॅबचा दोष नाही.

एक स्टार कापला तो रिपोर्टच्या मांडणीसाठी. औषधांची नावं आणि पुढे आकडे, बस. बघणाऱ्याला वाटतं सगळ्यात छोटा आकडा ज्याचा तेच औषध भारी, आणि तसं अजिबात नसतं कारण प्रत्येक औषधाची आणि प्रत्येक जातीची मर्यादा वेगळी असते. उदाहरणार्थ अल्बिकन्स या जातीमध्ये फ्लुकोनाझोलचा 2 आला तर औषध चालेल, पण कॅस्पोफंजिनचा 1 आला तर तो रेझिस्टंट! ही मर्यादा आकड्याशेजारी छापायला काय हरकत आहे? काउंटरवर विचारलं तर "डॉक्टरांना दाखवा" एवढंच उत्तर, घाबरलेल्या माणसाला ते पुरत नाही हो.

आणि हो, हीच टेस्ट शौचाच्या सॅम्पलवर उगाच करू नका, कँडिडा कितीतरी धडधाकट लोकांच्या आतड्यात असतोच, तो सापडला म्हणजे इन्फेक्शन झालं असं नाही, आणि तो रिपोर्ट बघून मनाने फ्लुकोनाझोल खात बसलात तर साधे मरतील आणि औषधाला न जुमानणारे तेवढे मागे उरतील. सॅम्पल दुखऱ्या जागेचंच हवं आणि फॉर्मवर आधी कुठलं औषध झालंय ते लिहायला सांगा, आमच्या फॉर्मवर तो रकानाच नव्हता, मी बाजूला पेनाने लिहून दिलं.